शब्द विरतो, चित्र थांबते

महिन्याच्या पहिल्या आठवड्यातील सोमवार. निवृत्तिवेतनासाठी आलेल्या ज्येष्ठ नागरिकांची गर्दी, टोकनच्या फलकावर बदलणारे लाल आकडे, नोटा मोजणाऱ्या यंत्राचा खडखडाट आणि पासबुक छापणाऱ्या यंत्राची मध्येच उठणारी घरघर. बँकेच्या शाखेत हे दृश्य नित्याचेच. नाशिकमधील अशाच एका शाखेत एक आई आपल्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन आली. पहिली काही मिनिटे शांततेत गेली. त्यानंतर मुलाने कानांवर हात ठेवले, तो पुढे-मागे झुलू लागला आणि पाहता पाहता जमिनीवर अंग टाकून किंचाळू लागला. आईने त्याला जवळ घेऊन समजावले, "थांब हं, पाचच मिनिटं. एवढं काम झालं की लगेच घरी जाऊ." तिने हेच वाक्य तीनदा सांगितले, प्रत्येक वेळी थोड्या मोठ्या आवाजात. मुलाचे किंचाळणे वाढतच गेले. रांगेतून कोणी तरी म्हणाले, "लाडावून ठेवलंय." दुसऱ्याने सल्ला दिला, "एक धपाटा घाला, आपोआप गप्प बसेल." आईने पैसे भरण्याची स्लिप तशीच पर्समध्ये कोंबली, मुलाला उचलले आणि ती बाहेर पडली. त्यानंतर जवळजवळ वर्षभर तिने कोणत्याही शाखेची पायरी चढली नाही.

हे कुटुंब प्रातिनिधिक आहे. त्याच्या जागी देशातील कोणत्याही शहरातील एखादे कुटुंब असू शकेल, म्हणून येथे नावे दिलेली नाहीत. मुलाला स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम आहे, हे घरच्यांना ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते एवढेच, की आईचे ते वाक्य त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हते. 'पाच मिनिटे' म्हणजे किती, 'एवढे काम' म्हणजे कोणते आणि 'लगेच' कधी येणार, यांपैकी काहीही त्याला दिसत नव्हते. पुढे तीच आई त्याच मुलाला घेऊन दुसऱ्या शहरातील शाखेत गेली, तेव्हा तिच्या हातात पाच छायाचित्रे होती. या दोन भेटींच्या दरम्यान त्या घराने जे शिकून घेतले, तोच या लेखाचा विषय आहे.

स्वमग्नता म्हणजे काय?

लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञांनी १९४३ मध्ये अमेरिकेत ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. ही मुले माणसांपेक्षा वस्तूंमध्ये अधिक रमत आणि नित्यक्रमातील लहानसा बदलही त्यांना असह्य होई. पुढच्याच वर्षी व्हिएन्ना येथील हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी काही अंशी मिळत्याजुळत्या मुलांविषयी लिहिले. आज स्वमग्नतेकडे मेंदूच्या वेगळ्या विकासातून उद्भवणारी आणि आयुष्यभर सोबत राहणारी अवस्था म्हणून पाहिले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे १२७ व्यक्तींमागे एका व्यक्तीला स्वमग्नता होती.

या अवस्थेचे स्वरूप प्रत्येकात निराळे असते. कोणी अजिबात बोलत नाही, कोणी अखंड बोलतो. कोणाला दैनंदिन कामांत सतत साहाय्य लागते, तर कोणी उच्च शिक्षण घेऊन स्वतंत्रपणे राहतो. तरीही काही धागे समान आढळतात. संवाद साधण्यात व समोरच्याचे मन ओळखण्यात अडचण, त्याच त्या कृतींची ओढ, बदलाची धास्ती आणि आवाज, प्रकाश, स्पर्श यांविषयीची तीव्र किंवा अगदीच मंद संवेदना, हे ते धागे होत. शाखेतील त्या मुलाला नोटा मोजण्याच्या यंत्राचा आवाज इतरांसारखा ऐकू येत नव्हता; तो त्याला बोचत होता.

ठपका मात्र आईवर

रांगेतील त्या दोन शेऱ्यांना दुर्दैवाने मोठा इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर, आईच्या मायेच्या अभावामुळे मूल स्वमग्न होते, असा समज तज्ज्ञांमध्येही प्रचलित होता. अशा आयांना 'रेफ्रिजरेटर मदर', म्हणजे बर्फासारखी थंड आई, असे नाव पडले. शिकागो येथील ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ मधील आपल्या पुस्तकातून या कल्पनेला खतपाणी घातले. त्याआधी, १९६४ मध्येच, बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञांनी स्वमग्नतेची कारणे शारीरिक, मेंदूशी निगडित आहेत असे साधार मांडले होते. रिमलँड हे स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते.

शिकागो विद्यापीठातच शिकलेल्या एरिक शॉप्लर यांनाही आईला दोषी ठरवणे मान्य नव्हते. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील चॅपल हिल येथे १९६६ मध्ये त्यांनी एक संशोधन प्रकल्प हाती घेतला आणि पालकांना आरोपीच्या पिंजऱ्यातून काढून उपचारातील भागीदाराचे स्थान दिले. १९७२ मध्ये तेथील राज्य शासनाने या प्रकल्पाला राज्यव्यापी कार्यक्रमाचे रूप दिले. हाच पुढे 'टीच' या नावाने जगभर प्रसिद्ध झाला. मुलाने आपल्या जगात यावे एवढीच अपेक्षा न ठेवता, त्याला समजेल अशा रीतीने भोवतालची रचना करावी, हे या कार्यक्रमाचे सूत्र आहे. कुठे काय करायचे, किती करायचे, कधी संपणार आणि त्यानंतर काय, या चार प्रश्नांची उत्तरे मुलाला डोळ्यांनी मिळाली पाहिजेत, असा त्याचा आग्रह असतो. चित्रे, वस्तू, रंग, खुणा व लिखित शब्द यांच्या साहाय्याने ही उत्तरे देणाऱ्या साधनांना 'दृश्य आधार' म्हणतात.

डोळ्यांना उमगणारी भाषा

बोललेला शब्द उच्चारताक्षणीच विरतो. तो ऐकणे, त्याच्याकडे लक्ष वळवणे, त्याचा अर्थ लावणे आणि पुढील कृतीपर्यंत तो ध्यानात ठेवणे, एवढी कामे मेंदूला क्षणार्धात करावी लागतात. अनेक स्वमग्न मुलांना नेमके हेच जड जाते. चित्र मात्र जागेवर थांबते. हवे तितका वेळ पाहावे, विसरल्यास पुन्हा पाहावे. त्याचा आवाज चढत नाही आणि त्याला रागही येत नाही.

हा आधार केवळ स्वमग्न मुलांनाच लागतो असेही नाही. बँकेत येणारा प्रत्येक ग्राहक दृश्य आधारांवरच वावरतो. टोकनचा आकडा आपली पाळी सांगतो, स्लिपवरील चौकटी काय भरायचे ते सुचवतात, खिडकीवरील पाटी कोणते काम कुठे होईल ते दाखवते. या साऱ्या खुणा एका रात्रीत काढून टाकल्या आणि सर्व सूचना केवळ तोंडी दिल्या, तर शहाण्यासुरत्या माणसांचीही त्रेधातिरपीट उडेल. स्वमग्न मुलाचे घर, शाळा आणि रस्ता अनेकदा अशाच पाट्या नसलेल्या शाखेसारखे असतात.

अमेरिकेतील पशुविज्ञानाच्या प्राध्यापिका टेंपल ग्रँडिन या स्वतः स्वमग्न आहेत. आपण शब्दांत नव्हे तर चित्रांत विचार करतो, हे त्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'थिंकिंग इन पिक्चर्स' या पुस्तकात उलगडून सांगितले. सर्वच स्वमग्न व्यक्ती चित्रांतून विचार करत नाहीत, हेही त्यांनीच पुढे नमूद केले. म्हणून कोणत्या मुलाला कोणता आधार उपयोगी पडेल, हे त्या मुलाकडे पाहूनच ठरवावे लागते. मात्र या पद्धतीची उपयुक्तता संशोधनाने पडताळलेली आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील तज्ज्ञांनी १९९० ते २०१७ या काळातील संशोधनाचा आढावा घेऊन २०२० मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात पुराव्याने सिद्ध झालेल्या २८ पद्धतींची नोंद असून दृश्य आधार ही त्यांपैकी एक आहे.

भिंतीवर मांडलेला दिवस

शाखेतील प्रसंगानंतर त्या आईने एका विशेष शिक्षिकेचा सल्ला घेतला आणि घरी चित्रवेळापत्रक करायचे ठरवले. प्रथम तिने संगणकावरून तयार चित्रे उतरवून घेतली. त्यांत पावाची चकती होती, आंघोळीचे टब होते, पिवळी स्कूलबस होती. मुलगा त्यांच्याकडे पाहीना. त्याच्या जगात पोळी होती, निळी बादली होती आणि शाळेची रिक्षा होती. मग आईने मोबाइलवर त्याच्याच वस्तूंची छायाचित्रे काढली. पार्श्वभूमी कोरी ठेवली, जेणेकरून लक्ष वस्तूवरच राहावे. ती छापून, लॅमिनेट करून त्यांच्या पाठीला वेल्क्रोचे तुकडे लावले आणि मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर भिंतीला एक पट्टी चिकटवली.

चित्र कोणत्या प्रकारचे असावे, यालाही क्रम आहे. काही मुलांना छायाचित्राचाही बोध होत नाही. त्यांच्या हाती प्रत्यक्ष वस्तू द्यावी लागते. वाटी दिली म्हणजे जेवण, पंचा दिला म्हणजे आंघोळ. त्यापुढची पायरी छायाचित्राची, मग साध्या रेषाचित्राची आणि शेवटी लिखित शब्दाची. मूल ज्या पायरीवर असेल तेथूनच आरंभ करणे श्रेयस्कर. आपले मूल वाचू लागले की चित्रे संपली, असेही समजू नये. थकवा किंवा भीती असली की वाचता येणारे मूलही चित्राकडे वळते.

या घरातील पट्टीवर आरंभी तीनच चित्रे होती : दात घासणे, आंघोळ, नाश्ता. काम झाले की मुलाने ते चित्र काढून खालच्या 'झाले' असे लिहिलेल्या डब्यात टाकायचे. वेळापत्रक भिंतीवर लावल्याने ते आपोआप कळत नाही. तेही शिकवावे लागते. आई मुलाला पट्टीपाशी नेई, चित्रावर बोट ठेवी, एकच शब्द उच्चारी आणि गप्प राही. हे गप्प राहणे तिला सर्वांत कठीण गेले. तीन आठवड्यांनी एके सकाळी मुलगा स्वतःहून पट्टीपाशी गेला, आंघोळीचे चित्र पाहिले आणि न्हाणीघराकडे वळला. त्या सकाळी घरात कोणीही कोणावर ओरडले नाही.

याच्याच जोडीला 'आधी–मग' असा दोन चौकटींचा फलक उपयोगी पडतो. आधी नखे कापणे, मग झोका. नावडत्या कामानंतर आवडते काय आहे, हे समोर दिसले की नावडते काम सुसह्य होते. मात्र 'मग'च्या चौकटीत जे दाखवले ते दिलेच पाहिजे. तो फलक म्हणजे मोठ्यांनी लहानग्याला लिहून दिलेला शब्दच असतो.

एकदा हा शब्द मोडला. पट्टीवर बागेचे चित्र होते आणि नेमका पाऊस कोसळू लागला. आईने "आज नाही जायचं" असे तोंडी सांगितले. मुलाने चित्र हाती घेऊन दारावर डोके आपटले. पद्धत फसली, असे वाटून आईने पट्टी काढून ठेवण्याची तयारी केली. शिक्षिकेने तिला वेगळी बाजू दाखवली : बेत बदलला होता, पण पट्टीने ते सांगितले नव्हते. मग 'बदल' या अर्थाचे नारिंगी वर्तुळाचे एक कार्ड तयार झाले. ते प्रथम आवडत्या बदलांसाठी वापरले गेले. अभ्यासाच्या चित्रावर नारिंगी वर्तुळ आणि त्याऐवजी लाडू. बदल म्हणजे दर वेळी संकटच नव्हे, हे मुलाला उमजल्यावरच ते कार्ड पावसासाठी बाहेर निघाले.

मागण्याचा आणि नाकारण्याचा हक्क

आजीला मात्र हे सारे पटत नव्हते. "अगं, चित्रंच दाखवत बसलात तर तो बोलणार कधी?" हा तिचा प्रश्न रास्त होता, कारण तो असंख्य घरांत विचारला जातो. चित्रांतून संवाद साधल्याने मुलाचे बोलणे खुंटते का, याचा संशोधकांनी कसून शोध घेतला आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात असे खुंटणे आढळले नाही. उलट काही मुलांच्या बोलण्यात थोडीफार वाढच दिसून आली. प्रत्येक मूल बोलू लागेल, अशी हमी कोणतीही पद्धत देत नाही. पण बोलणे येईपर्यंत मुलाने मुके राहावे, हा पर्याय निश्चितच अधिक वाईट आहे.

चित्रे देऊन मागणी करण्याची 'पेक्स' ही पद्धत १९८५ मध्ये अमेरिकेतील डेलावेअर राज्यात अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी विकसित केली. तिच्या सहा पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर मूल हव्या असलेल्या वस्तूचे चित्र समोरच्याच्या हातात देते आणि त्याबदल्यात ती वस्तू त्याला तत्काळ मिळते. दुसरी व्यक्ती मुलाच्या मागे बसून केवळ त्याच्या हाताला दिशा देते, तोंडाने "काय हवं?" असे विचारायचे नाही. आरंभ मुलाकडून व्हावा, हे यातील मर्म आहे.

मोठी माणसे दृश्य आधारांकडे बहुधा मुलाला शिस्त लावण्याचे साधन म्हणून पाहतात. घरातील सर्व चित्रे 'हे कर, ते कर' असेच सांगू लागली, तर ती आज्ञांची भिंत होते. म्हणून 'नको', 'पुरे', 'दुखते' आणि 'थोडी विश्रांती' ही कार्डे इतर सर्व कार्डांइतकीच, किंबहुना अधिक महत्त्वाची ठरतात. या घरात जेवताना ताट भिरकावण्याचे प्रकार वारंवार घडत. एके दिवशी आजी नातवाच्या ताटात दुसऱ्यांदा वरणभात वाढू लागली. त्याने डावा हात लांबवून 'नको'चे कार्ड उचलले आणि तिच्या हातात ठेवले. आजी क्षणभर तशीच बसून राहिली. मग तिने वाढलेला भात परत घेतला. इतकी वर्षे जे ताट उडत होते ते 'नको' एवढेच म्हणत होते, हे तिला त्या दिवशी कळले. संध्याकाळी तिने सुनेला विचारले, "देवाला जायचं चित्र आहे का गं?"

बदलीचा कागद

मुलाचे वडील एका बँकेत अधिकारी. पदोन्नतीबरोबर त्यांची बदली भोपाळला झाली. ज्याला पाण्याच्या ग्लासची जागा बदललेली चालत नाही, त्याचे घर, गाव, शाळा आणि भाषा एकदम बदलणार होती. वडिलांनी एकट्याने जावे, पदोन्नती नाकारावी, असे सर्व पर्याय घरात बोलले गेले. बदलीच्या नोकरीतील कुटुंबांना ही ओढाताण नवी नाही. अखेरीस सर्वांनी एकत्र जायचे ठरले, पण मुलाला सांगून.

'सांगून' म्हणजे दाखवून. वडील आधी जाऊन नव्या घराची छायाचित्रे घेऊन आले : दार, खिडकी, मुलाची खाट, जिना, शाळेचे फाटक. त्यांची एक लहानशी पुस्तिका झाली. मिशिगन येथील शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी अशा पुस्तिकांची 'सोशल स्टोरी' ही पद्धत रूढ केली. मुलासमोर येणारा प्रसंग शांत, नेमक्या व खऱ्या वाक्यांत त्यात सांगितलेला असतो. या पुस्तिकेतील वाक्येही तशीच होती. आपण आगगाडीने जाणार. गाडीत रात्र होईल. नव्या घरात निळी बादली असेल. आजी सोबत असेल. शेजारी एक दिनदर्शिका टांगली आणि मुलगा रोज रात्री एक चौकोन खोडू लागला.

यामुळे सर्व सुरळीत झाले असे नाही. भोपाळमधील पहिले पंधरा दिवस मुलगा नीट झोपला नाही आणि जुन्या घराचे छायाचित्र उशाशी घेऊन बसे. पण भिंतीवरची पट्टी तीच होती. शाळेत 'पानी' आणि घरात 'पाणी', 'खाना' आणि 'जेवण'. शब्द बदलले तरी चित्र बदलले नाही. शिक्षिकेला मराठी येत नव्हते आणि आजीला हिंदी बेताचेच. तरी दोघींनाही मुलाने दिलेले कार्ड वाचता येत होते.

पुन्हा शाखेत

खाते भोपाळच्या शाखेत आणण्यासाठी आईला बँकेत जाणे भाग होते. या वेळी तिने आधी एकटीने जाऊन शाखा व्यवस्थापकांना परिस्थिती सांगितली. त्यांच्या परवानगीने, ग्राहक नसतील अशा वेळी तिने पाच छायाचित्रे काढली : दार, टोकनचे यंत्र, भिंतीजवळची खुर्ची, खिडकी आणि शेवटी घर. खुर्चीच्या चित्राखाली 'थांबणे' असे लिहिले आणि थांबताना करायची गोष्टही सोबत घेतली, ती म्हणजे वाळूचे घड्याळ. मुलाला नुसते 'थांब' सांगणे म्हणजे काहीही करू नकोस असे सांगणे. वाळू पाहणे हे मात्र एक काम आहे, आणि ते संपताना दिसते.

पहिल्या दिवशी मायलेक केवळ दारापर्यंत जाऊन परतले. दुसऱ्या दिवशी टोकन घेऊन परतले. तिसऱ्या भेटीत, दुपारी गर्दी ओसरल्यावर, मुलगा कानांवर आवाजरोधक हेडफोन लावून खुर्चीवर बसला. वाळू दोनदा सरली. त्यांचा आकडा लागला आणि नेमकी त्याच वेळी लिंक गेली. कॅशियर हताशपणे म्हणाले, "सर्वर डाउन है, मैडम." बँकेत येणाऱ्या जाणत्या माणसांचाही तोल सुटतो, असा तो क्षण. आईने पर्समधून नारिंगी वर्तुळ काढले आणि खिडकीच्या चित्रावर लावले. मुलगा झुलू लागला. त्याने मोठ्याने हुंकार भरले. रांगेतील दोघातिघांनी मान वळवली. मग त्याने हात लांबवून खिडकीचे चित्र काढले, घराच्या चित्रावर बोट ठेवले आणि तो उठून दाराकडे चालू लागला.

काम त्या दिवशी झाले नाही. ते दुसऱ्या दिवशी झाले. पण आईला शाखा सोडून पळावे लागले नाही, आणि परत येण्याची भीतीही उरली नाही.

आपण काय करू शकतो?

अशी मुले व त्यांचे पालक शाखेत आले तर कर्मचाऱ्यांना आणि इतर ग्राहकांना फार मोठे काही करायचे नसते. मूल बिथरल्यास सभोवती गर्दी करू नये, त्याला स्पर्श करू नये व सल्ले देऊ नयेत. एकाच व्यक्तीने, कमी शब्दांत, पालकांशी बोलावे. शक्य असल्यास कोपऱ्यातील जागा द्यावी आणि गर्दीची नसलेली वेळ सुचवावी. शाखेत येणे अशक्यच असेल, तर दिव्यांग व्यक्तींना काही मूलभूत सेवा घरपोच देण्याविषयी रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये बँकांना सूचना दिलेल्या आहेत. पालकांनी त्याची चौकशी अवश्य करावी.

लहान मुलाची ही चित्रे मोठेपणीही साथ देतात. एटीएममध्ये कार्ड घालणे, भाषा निवडणे, रक्कम दाबणे, पैसे घेणे, कार्ड परत घेणे, ही क्रमवार चित्रपट्टी खिशात असेल तर काही तरुण स्वमग्न व्यक्ती पालकांच्या देखरेखीखाली हे काम शिकू शकतात. मात्र अशा पट्टीवर पिन कधीही लिहू नये. ज्यांना आर्थिक व्यवहार स्वतः करणे शक्य नसते, त्यांच्यासाठी मूल १८ वर्षांचे झाल्यावर काय, हा प्रश्न पालकांनी वेळीच विचारात घ्यावा. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ अन्वये स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून सज्ञान स्वमग्न व्यक्तीसाठी पालकत्वाचा दाखला मिळवता येतो. याच न्यासाची 'निरामय' ही योजना एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविम्याचे संरक्षण देते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये नमूद केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे.

मार्गदर्शन करणाऱ्या संस्थाही आपल्या देशात आहेत. दिल्ली येथे १९९१ मध्ये एका स्वमग्न मुलाच्या आईच्या पुढाकारातून 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था उभी राहिली. मुंबईत २००१ पासून 'उम्मीद' बालविकास केंद्र कार्यरत आहे. चेन्नईत तयार झालेले 'आवाज' आणि आयआयटी मुंबई येथे विकसित झालेले 'जेलो' ही चित्रांवर बोट ठेवताच शब्द उच्चारणारी अ‍ॅप मोबाइल वा टॅबलेटवर वापरता येतात. तरीही आरंभासाठी महागड्या साधनांची आवश्यकता नाही. साधा मोबाइल, पुठ्ठा, वेल्क्रो आणि रोज तीच गोष्ट न कंटाळता करण्याची तयारी एवढे भांडवल पुरेसे आहे. वाचासल्लागार किंवा विशेष शिक्षक यांचे मार्गदर्शन मात्र जरूर घ्यावे.

भोपाळच्या त्या घरात आता पट्टीवर आठ चित्रे असतात. मुलगा अजून फारसे बोलत नाही. महिन्यातून एकदा, पासबुक भरून घेण्याच्या दिवशी, शाखेच्या दाराचे चित्र पट्टीवर लागते. गेल्या खेपेला मात्र ते आईने लावले नव्हते. सकाळी ती स्वयंपाकघरातून बाहेर आली तेव्हा न्याहारीच्या चित्राखाली ते आधीच चिकटवलेले होते आणि मुलगा चपला घालून दाराशी उभा होता.